बुरशीच्या पोथीतले पाठभेद

मराठी शेतकऱ्याने पिकांच्या रोगांना नावे दिली ती डोळ्यांनी पाहून. गव्हाच्या पानावर बोट फिरवले की तांबूस भुकटी लागते, म्हणून तांबेरा. द्राक्षाच्या पानावर राख उडाल्यासारखी पांढरट पूड बसते, म्हणून भुरी. ज्वारीच्या कणसात दाण्याच्या जागी काळी पूड भरते, ती काणी. भाताचे पान विस्तवाची धग लागल्यासारखे वाळते, तो करपा. हरभऱ्याचे झाड उभ्या उभ्या मान टाकते, ती मर. दोन-तीन अक्षरांच्या या नावांत रोगाचा रंगही आहे आणि त्याची धास्तीही.

यातल्या प्रत्येक नावामागे एक जीव आहे, आणि त्या जीवाच्या पेशीत एक मजकूर आहे. तो वाचायची सोय होऊन जेमतेम तीस वर्षे झाली. १९९६ साली पाव फुगवणाऱ्या यीस्टचा जीनोम पूर्ण वाचून झाला. म्हणजे त्याच्या डीएनएतली सुमारे १ कोटी २० लाख अक्षरे ओळीने लागली. पेशीत केंद्रक असलेल्या जीवांपैकी असा पुरता वाचला गेलेला हा पहिलाच. २००५ मध्ये भाताच्या करप्याची पाळी आली. त्यात सुमारे ४ कोटी अक्षरे आणि ११ हजारांच्या आसपास जनुके निघाली. पाठोपाठ मक्याची काणी, टोमॅटोची मर, बार्लीची भुरी, गव्हाचा तांबेरा हेही वाचून झाले.

करप्याची मजल ऐकून थक्क व्हायला होते. त्याचा बीजाणू पानावर पडला की रुजतो आणि घुमटाच्या आकाराची एक कुपी तयार करतो. या कुपीत इतका दाब साठतो की तो मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दाबाच्या सुमारे चाळीस पट भरतो. त्या दाबाच्या जोरावर खिळा ठोकावा तशी बुरशी पानात शिरते. हे सारे डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जीवाचे काम! आता त्याचा सगळा जीनोम हाती आला म्हटल्यावर ही विद्या त्यात कुठे लिहिली आहे ते लगेच सापडेल, असे कुणालाही वाटेल. पण एकटा जीनोम फारसा बोलत नाही. दुसऱ्या जीनोमच्या शेजारी ठेवला की तो बोलू लागतो.

हे मर्म पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेतल्या पंडितांना चांगले ठाऊक होते. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम तिथे १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पुरे झाले. देशभरातून जमवलेल्या बाराशेहून अधिक हस्तलिखितांशी ओळ न् ओळ ताडून पाहिली गेली. त्या कामाचे नियम साधे आणि कठोर होते. दोन पोथ्यांत एकच चूक एकाच जागी असेल, तर त्या एकाच जुन्या पोथीवरून उतरलेल्या असणार. एखादा श्लोक एकाच प्रांतातल्या पोथ्यांत असेल आणि बाकी सगळीकडे नसेल, तर तो मागाहून घुसवलेला, प्रक्षिप्त असण्याची शक्यता मोठी. आणि सगळीकडे असलेली ओळ एका पोथीत नसेल, तर तिथे लेखकाच्या हातून काहीतरी गळले आहे.

तुलनात्मक जीनोमशास्त्र नेमके हेच काम करते. त्याची पोथी चार अक्षरांत लिहिलेली असते आणि नक्कल उतरवणारा लेखनिक म्हणजे खुद्द पेशी. पाठभेद, गळलेली पाने आणि प्रक्षिप्त भाग इथेही सापडतात. आणि ते का सापडतात याचा माग काढत गेले की आपण शेवटी आपल्याच शेतात येऊन पोचतो.

आधी काणी घेऊ. मक्यावर दोन सख्ख्या म्हणाव्यात अशा काण्या येतात. एकीने मक्यावर मोठ्या गाठी येतात. दुसरी कणीस आणि तुरा नासवते आणि ज्वारीवरही येते. जर्मनीतल्या संशोधकांनी दोघींचे जीनोम शेजारी ठेवले आणि २०१० मध्ये निष्कर्ष छापले. दोन्हींतल्या जनुकांचा क्रम जवळजवळ सारखा होता, पानामागून पान जुळत होते. फक्त ४३ जागा अशा निघाल्या की तिथे मजकूर जुळेना. त्या जागी काय आहे ते पाहिले, तर बहुतेक ठिकाणी बुरशी पेशीबाहेर सोडते त्या प्रथिनांची जनुके होती. ही छोटी प्रथिने झाडाच्या आत जाऊन त्याची पहारा देणारी यंत्रणा गुंगवतात. त्यांतल्या काही जागा खोडून पाहिल्या, तेव्हा बुरशीची रोग करण्याची ताकद बदलली. म्हणजे रोगाची विद्या कुठे लिहिली आहे ते पाठभेदांनीच बोट धरून दाखवले. घर चालवायची जनुके दोघींत जशीच्या तशी राहिली. झाडाशी भांडायची जनुके मात्र भराभर बदलत गेली, कारण झाडही बदलत होते.

भुरीच्या पोथीतून उलट पाने गळाली आहेत. बार्लीच्या भुरीचा जीनोम २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची लांबी सुमारे १२ कोटी अक्षरे, म्हणजे करप्याच्या तिप्पट. पण जनुके सहा हजारांहूनही कमी, करप्याच्या साधारण निम्मी. उरलेली बहुतेक जागा स्वतःच्याच नकला काढत सुटणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांनी भरलेली. इतर बुरश्यांशी ताडून पाहिल्यावर काय काय गेले याची यादीच हाती आली. नायट्रेटपासून नत्र मिळवायची जनुके नाहीत, सल्फेटपासून गंधक मिळवायची नाहीत, थायमिन हे जीवनसत्त्व बनवायचीही नाहीत. हे सगळे जिवंत पानातून आयते मिळते, मग ते बनवायची कृती जपून ठेवायची कशाला? भुरी प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत का वाढत नाही, तिला जिवंत पानच का लागते, या जुन्या कोड्याचे उत्तर त्या कोऱ्या जागांत होते.

द्राक्षाची भुरी ही तिचीच भाऊबंद. नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला तिची ओळख करून द्यायला नको. कॅलिफोर्नियातल्या बागांमधून गोळा केलेल्या या भुरीचे जीनोम एकमेकांशी ताडले, तेव्हा एक विलक्षण गोष्ट दिसली. एका ठरावीक गटातली बुरशीनाशके ज्या प्रथिनावर घाव घालतात, त्याच्या जनुकाच्या काही भुऱ्यांमध्ये एकाहून जास्त प्रती होत्या. फवारा एका प्रथिनाला अडवायला येतो, म्हणून बुरशी ते प्रथिन जास्त प्रमाणात बनवू लागते. आपल्या फवाऱ्याची नोंद बुरशीने स्वतःच्या पोथीत करून ठेवली होती.

आता प्रक्षिप्त श्लोकाची कथा. गव्हावर दोन वेगवेगळ्या बुरश्या पानावर डाग पाडतात. दोन्ही एक विष बनवतात, आणि ते त्याच गव्हाला बाधते ज्याच्यात त्या विषाला दार उघडणारे एक विशिष्ट जनुक असते. २००६ मध्ये दोन्ही बुरश्यांमधले विषाचे जनुक शेजारी ठेवले गेले. या दोन जाती एकमेकींपासून केव्हाच दूर गेलेल्या, त्यामुळे बाकीचा मजकूर बराच वेगळा. पण हे जनुक आणि त्याच्या आजूबाजूचा सुमारे ११ हजार अक्षरांचा तुकडा दोन्हींत जवळपास तंतोतंत सारखा निघाला. शिवाय एका बुरशीत या विषाचे अनेक पाठभेद होते आणि दुसरीत एकच. जिथे पाठभेद अनेक, तिथे मजकूर जुना. यावरून संशोधकांनी ठरवले की तो एकीच्या घरातून दुसरीच्या घरात गेला, आणि तोही अगदी अलीकडे, १९४० च्या दशकाच्या सुमारास. तोवर फारशी कुणाच्या खिजगणतीत नसलेली ती दुसरी बुरशी त्याच काळापासून गव्हाचा मोठा रोग म्हणून नोंदली जाऊ लागली. एकाच शेतात, एकाच पानावर दोघींची भेट झाली असावी.

तिथे सरकले ते एक जनुक. मर रोगाच्या बुरशीत तर अख्खी गुणसूत्रे सरकतात. फ्युजेरियम नावाच्या या बुरशीचे वेगवेगळे प्रकार हरभरा, केळी, टोमॅटो यांना मर आणतात. टोमॅटोच्या मरीचा जीनोम २०१० मध्ये तिच्या दोन बहिणींच्या जीनोमशी ताडून पाहिला गेला. सुमारे ६ कोटी अक्षरांचा मजकूर, १५ गुणसूत्रांत विभागलेला. त्यातला पावभागाहून अधिक भाग बहिणींकडे नव्हताच. चार गुणसूत्रे तर पुरती तिची एकटीची होती. मग संशोधकांनी एक साधा प्रयोग केला. टोमॅटोला मारणारी बुरशी आणि टोमॅटोला काहीच न करणारी बुरशी, दोघींना एकत्र वाढू दिले. त्या जादा गुणसूत्रांपैकी एक या बुरशीतून त्या बुरशीत गेले, आणि कालपर्यंत निरुपद्रवी असलेली बुरशी टोमॅटोची झाडे मारू लागली. आपल्या डोळ्यांना जी एक मर दिसते, तिचे मूळ असे उसन्या पानांत असू शकते.

केवडा मात्र बुरशीच्या घराण्यातलाच नाही. द्राक्षाच्या पानावर पिवळे डाग आणि खालून पांढरी लव आणणारा हा रोग शेतकरी भुरीच्याच पंगतीला बसवतो. बटाट्याचा उशिरा येणारा करपाही केवड्याचाच नातेवाईक. १८४५ पासून आयर्लंडमध्ये पडलेल्या ज्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे गेली, त्याच्या मुळाशी हाच करपा होता. बुरशीसारखे धागे, बुरशीसारखे बीजाणू, पण डीएनए वाचल्यावर जवळचे नातलग निघाले ते समुद्रातले तपकिरी शैवाल. दोन वेगळ्या वंशांनी झाडावर जगायची एकच रीत स्वतंत्रपणे शोधून काढली. डोळ्यांनी दिलेले नाव एवढ्यापुरते चुकले, आणि तेही इतक्या सुंदर कारणाने!

तांबेऱ्याची रचना याहून चमत्कारिक आहे. गव्हावर वाढताना त्याच्या प्रत्येक पेशीत दोन केंद्रके वेगवेगळी नांदतात. म्हणजे एकाच दप्तरात दोन पोथ्या. १९९८ मध्ये युगांडात खोडावरच्या तांबेऱ्याचा एक नवा प्रकार सापडला. जगभरातल्या गव्हांना वर्षानुवर्षे राखणारे एक प्रतिकारक जनुक त्याच्यापुढे टिकेना. तो कुठून आला, हे वीस वर्षे कोडेच राहिले. २०१९ मध्ये त्याची दोन्ही केंद्रके वेगवेगळी वाचली गेली. त्यांतले एक केंद्रक ऑस्ट्रेलियात १९५४ मध्ये आढळलेल्या, मूळ आफ्रिकेतल्या एका जुन्या तांबेऱ्याच्या केंद्रकाशी जवळपास अक्षरशः जुळले. दुसरे मात्र वेगळे. म्हणजे दोन तांबेऱ्यांचे धागे कुठेतरी एकमेकांना भिडले, एका पोथीची अदलाबदल झाली आणि नवा रोग उभा राहिला. यात ना लग्न, ना बीजांचे मीलन. धाग्याला धागा लागला आणि काम झाले.

आपल्याकडच्या मैदानी उन्हाळ्यात तांबेरा तग धरत नाही. तो डोंगरांवर टिकतो आणि थंडीत वाऱ्याबरोबर खाली उतरतो, हे आग्र्याचे शास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. मध्य आणि दक्षिण भारताच्या गव्हावर खोडाचा तांबेरा येतो तो निलगिरी आणि पलणीच्या डोंगरांवरून. महाबळेश्वरला गव्हाच्या तांबेऱ्याचे संशोधन केंद्र आहे, ते म्हणूनच. डोंगरावर रोग आधी दिसला तर मैदानाला सावध करता येते.

आता हे सगळे धागे जिथे येऊन मिळतात त्या गोष्टीकडे येतो.

फेब्रुवारी २०१६. बांगलादेशात गव्हाच्या ओंब्या अवेळी पांढऱ्या पडू लागल्या. देठाच्या वरचा भाग वाळलेला, आत दाणा नाही. पाहता पाहता सुमारे १५ हजार हेक्टरांवर हे लोण पसरले. रोग पसरू नये म्हणून काही शेते जाळून टाकावी लागली. रोग होता गव्हाचा करपा, आणि आशियात तो तोवर कधीच दिसला नव्हता. भाताचा करपा मात्र तिथे पिढ्यान्‌पिढ्यांचा. म्हणून पहिली शंका आली ती हीच की भाताच्या करप्याने गव्हावर उडी घेतली की काय. तसे असते तर सगळ्या आशियाचा गहू धोक्यात होता.

तोफज्जल इस्लाम हे बांगलादेशातले शास्त्रज्ञ आणि इंग्लंडमध्ये नॉर्विच इथले सोफियन कामून यांनी मिळून काम हाती घेतले. बुरशी आधी प्रयोगशाळेत वाढवा, मग वाचा, इतका वेळ नव्हता. त्यांनी रोगट पाने थेट शेतातून उचलली आणि पानात जी काही आरएनए होती, म्हणजे पेशीने कामापुरत्या काढलेल्या नकला होत्या, त्या गव्हाच्या आणि बुरशीच्या एकत्रच वाचल्या. मिळालेला मजकूर त्यांनी सगळ्या जगासाठी खुला केला, ज्याला ताडून पाहता येईल त्याने पाहावे म्हणून. काही आठवड्यांत उत्तर आले. ही बुरशी आशियातल्या भाताच्या करप्याशी जुळत नव्हती. ती जुळत होती दक्षिण अमेरिकेतल्या गव्हाच्या करप्याशी. आयात केलेल्या गव्हाबरोबर ती आली असावी असा तर्क निघाला. सरहद्दीला लागून असलेल्या नदिया आणि मुर्शिदाबाद जिल्ह्यांत पश्चिम बंगालने गव्हाची लागवडच थांबवली.

पण मग दक्षिण अमेरिकेत ती कुठून आली? गव्हाचा करपा पहिल्यांदा दिसला १९८५ मध्ये, ब्राझीलच्या पाराना राज्यात. त्याआधी तो जगात कुठेही नव्हता. जपानच्या कोबे विद्यापीठातले युकिओ तोसा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये त्याच्या जन्माची एक कडी उलगडली. बहुतेक गव्हांत एक पहारेकरी जनुक असते. करप्याच्या बुरशीतले एक विशिष्ट प्रथिन ते ओळखते आणि रोगाला दारातच रोखते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्राझीलमध्ये अनाहुआक नावाचे एक वाण मोठ्या क्षेत्रावर पेरले गेले. त्यात हा पहारेकरी नव्हता. गवतावर जगणाऱ्या बुरशीला तिथे दार उघडे सापडले. गव्हावर एकदा बस्तान बसल्यावर तिच्यातले ते ओळख पटवणारे जनुकच बिघडले. मग पहारेकरी असलेल्या गव्हांतही तिला अडवणारे कोणी उरले नाही.

२०२३ मध्ये मार्क फार्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणखी मागची पाने लावली. साधारण साठ वर्षांपूर्वी दोन वेगळ्या गवतांवरच्या करप्यांचा संकर झाला. त्यांतला एक नाचणीच्या कुळातल्या गवतावर जगणारा, दुसरा चराईच्या एका गवतावरचा. त्या संकराच्या एका वंशजाचे पुढे आणखी तीन प्रकारच्या करप्यांशी मीलन झाले. या मिसळीतून जी सरमिसळ पोथी तयार झाली, तीच गव्हाचा करपा. तिच्यात नवे अक्षर फारसे नाही. जुनेच श्लोक नव्या क्रमाने लागले आणि त्यांचा अर्थ बदलला.

गव्हाची आणखी एक बुरशी, पानावर राखाडी डाग पाडणारी, हीच साक्ष देते. इराणच्या रानगवतांवरच्या तिच्या नातलगांशी तिचा डीएनए ताडला, तेव्हा ती स्वतंत्र झाली तो काळ निघाला सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वीचा. पश्चिम आशियात माणूस गहू पेरू लागला तो काळही हाच. आपण गहू घडवला आणि त्याच हाताने त्याचा रोगही घडवला.

इतक्या पोथ्या ताडून झाल्यावर एकच गोष्ट पुनःपुन्हा समोर येते. या रोगांच्या जीनोममध्ये आपल्या शेतीचा इतिहास उतरला आहे. मैलोन्‌मैल एकच वाण पेरले तेव्हा काय झाले, एकच फवारा वर्षानुवर्षे मारला तेव्हा काय झाले, धान्य समुद्रापलीकडून आले तेव्हा त्याबरोबर काय आले, याची बुरशीने तारीखवार नोंद ठेवली आहे. माणसाच्या दप्तरात या नोंदी नाहीत. त्या बुरशीच्या दप्तरात आहेत, आणि आता त्या वाचता येतात.

वाचल्याचा उपयोगही आहे. बांगलादेशातला आणि २०१८ मध्ये झांबियात दिसलेला गव्हाचा करपा एकाच वंशातला आहे आणि तो दोन्हीकडे स्वतंत्रपणे पोचला, हे २०२३ मध्ये स्पष्ट झाले. या वंशाच्या पोथीत असे एक जनुक शाबूत आहे की ते ओळखणारा पहारेकरी काही गव्हांत आधीच आहे. म्हणजे पैदासकारांनी कोणता पहारेकरी नव्या वाणात आणायचा, ते ठरले. त्याच अभ्यासात एक इशाराही आहे. प्रयोगशाळेत या वंशाचे आफ्रिकेतल्या नाचणीच्या करप्याशी मीलन होऊ शकले. शेतात ते घडले तर पोथी पुन्हा नव्याने लिहिली जाईल.

म्हणून दोन गोष्टी मनापासून सांगाव्याशा वाटतात. शेतात आणि बियाण्याच्या कोठारात वाणांची विविधता राखा. एका वाणाचे दार उघडे निघाले तरी शेजारच्याचे बंद असेल. आणि ओळखीचा रोग कधी अनोळखी वागताना दिसला, नेहमीच्या फवाऱ्याला दाद देईनासा झाला किंवा ज्या पिकावर कधी नव्हता त्यावर आला, तर ते झाड उपटून बांधावर टाकण्याआधी जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला कळवा. वाचणारे तयार आहेत. त्यांच्यापर्यंत पान पोचले पाहिजे.